आठ एमबीत रापण

दिगूचा निरोप आला,
कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून पडलेल्या जहाजावरून:
"रापणीचो व्हिडिओ धाड गो. पण आठ एमबीच्या आत.
मोठो हंय उतरणा नाय."

माझ्याकडं होती चार मिनिटं,
तळाशीलच्या वाळूवर संध्याकाळी पाचला घेतलेली,
सेकंदाला साठ फ्रेम, सहाशे चाळीस एमबी.
एवढ्या जागेत जाळं, होडी, दोन्ही दोर
आणि दोराला लागलेली तीसेक माणसं
खरोखरची मावली असती.

लग्नं मी पंचवीसवर कापते.
नवरी सावकाश चालते,
अक्षता तेवढ्या धूसर पडतात,
त्याबद्दल आजवर कुणी पैसे कापलेले नाहीत.

साठाचे तीस केले. काही बिघडलं नाही.
तिसाचे पंधरा केले
तेव्हा गजा तांडेलाचे पाय रुतायचे थांबले.
एक पाऊल इथं, दुसरं एकदम तिथं,
मधला जोर गेला.
आणि ओढण्यात सगळं मधलंच तर असतं.

तरी फाईल बावीसवर अडली.
खातंय कोण, ते शोधलं. समुद्र.
आकाश फुकट जातं,
वाळू जवळजवळ फुकट,
वारा नसेल तर सुरूची झाडं चार आण्यांत.
लाट मात्र दर फ्रेमला नवी,
मागचं काही पुढं चालवून घेत नाही.
सगळा हिशेब तिच्या फेसात जातो.

वाळूवर वाटे पडतात तेव्हा
दोराच्या शेपटाला नुसता हात लावून उभी असलेली म्हातारीही
पिशवीत चार बांगडे घेऊन घरी जाते.
सॉफ्टवेअरची रीत वेगळी.
हलेल त्याला वाटा.

आणि डाव्या कोपऱ्यात आई होती.
कपाळावर आडवा हात, ऊन अडवत,
कितीतरी वेळ तशीच.
तिच्यात बदल नाही, म्हणून तो मागचीच आई
पुढच्या फ्रेममध्ये ढकलत होता.
दर दोन सेकंदांनी चेहरा एकदा नीट यायचा,
मग पुन्हा मळलेल्या पिठाचा.
नाकातली चमकी असायची, नसायची.

रात्री अकरा ते एक एवढंच चाललं.
चित्र लहान केलं.
आवाज एका कानाचा केला,
बापूंची हाळी तरी शाबूत राहिली,
हाळीला फार जागा लागत नाही.
पंधराचे बारा.
मग उजवीकडून कापत आले,
आधी होडी, मग फेस, मग ती लांबची रेघ.
समुद्र त्याच्याकडे आहे की.
पगार घेऊन रोज तोच बघतो.

उरली वाळू, हातभर दोर, गजाचे पाय
आणि आई.
एक मिनिट दहा सेकंद.
सात पूर्णांक सहा.

वाडीत रेंज नाही. स्कूटर काढून सड्यावर गेले,
जांभ्याच्या कातळावर, जिथं टॉवर दिसतो
आणि दुपारची गुरं बसलेली असतात.
निळी रेघ पाऊण तास सरकत होती.
एक म्हैस उठली, वळली, परत बसली.
तिला सेकंदाला दोन फ्रेम पुरल्या असत्या.

चौथ्या दिवशी उत्तर आलं:
"आयेन पदर सारखो केल्यान ता दिसला."

मी परत लावून बघितलं.
खरंच. सव्विसाव्या सेकंदाला,
सगळ्या मिळून सात फ्रेम.
दोन तास तिच्याच तोंडाकडं बघत होते मी,
हात खाली आलेला दिसला नव्हता.

खाली आणखी एक ओळ होती:
"बांगडे किती गावले? ता कापलंस मां?"